छापखान्यापासून भ्रमणध्वनीपर्यंत : मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची संपर्कमाध्यमे आणि त्यांच्या नोंदी

प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना ख्रिस्ती मिशनांचा उल्लेख टाळता येत नाही, ही गोष्ट अ. का. प्रियोळकरांपासून सर्वच अभ्यासकांनी मान्य केलेली आहे. मात्र हा उल्लेख बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापाशी येऊन थांबतो. पुढे मुद्रण सर्व मराठी समाजाचे झाले आणि मिशनचे छापखाने वाङ्मयेतिहासातील एका परिच्छेदापुरते उरले. ज्या मंडळ्यांसाठी ती पुस्तके छापली गेली त्या मंडळ्या मात्र आजही आहेत. त्या रविवारी एकत्र येतात, गातात, अर्पण गोळा करतात, प्रसंगी आपसांत भांडतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत यांतील पुष्कळसे व्यवहार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन पोहोचले आहेत.

या बदलाविषयी आजवर झालेले बहुतेक लेखन समाजशास्त्रीय वा धर्मशास्त्रीय स्वरूपाचे आहे. प्रस्तुत निबंधात तोच विषय इतिहासाच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याचा प्रयत्न आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्या आणि वसईचा कॅथलिक समाज एवढ्यापुरतीच विवेचनाची मर्यादा ठेवली आहे. विचारावयाचा प्रश्न साधा आहे : प्रत्येक नव्या माध्यमामुळे मंडळीत कोणाला बोलता आले, आणि जे बोलले गेले ते किती काळ उरले?

खिळे, लिपी आणि हस्तलिखित

गोव्यात मुद्रणयंत्र इ. स. १५५६ मध्ये आले. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपी मात्र रोमन. स्टीफन्स यांना देशी लिपी नको होती असे नाही. देशी लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा त्यांनी १६०८ मध्येच आपल्या वरिष्ठांना पत्राने कळवली होती. अडचण होती ती अक्षरे व जोडाक्षरे यांच्यासाठी लागणाऱ्या शेकडो साच्यांची. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथाची लिपी यंत्राच्या मर्यादेने ठरवली.

‘क्रिस्तपुराणा’च्या पुढच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांच्या आधारे, आणि १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे काढलेली आवृत्तीही अशाच नकलांवर उभी आहे. छापले म्हणजे टिकले, या आपल्या समजुतीला छेद देणारे याहून बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. गावोगावच्या लोकांना हा ग्रंथ वाचावयास आणि गावयास हवा होता, म्हणून तो उतरवून घेतला गेला आणि म्हणूनच तो उरला.

मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये आले आणि १८१६-१७ मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला. टॉमस ग्रॅहम यांनी तेथे देवनागरी खिळ्यांना दिलेले वळण, तेथील काम पाहून गणपत कृष्णाजींनी उभारलेला शिळाछाप, आणि बालवयात त्याच छापखान्यात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे काढलेला ‘निर्णयसागर’ हा सर्व इतिहास सुपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही. त्या मानाने उपेक्षित राहिलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर तेथील स्त्रियांनीच जुळवले आणि छापले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. ज्यांना घराने टाकले होते अशा स्त्रियांच्या हाती खिळे आले, ही घटना मुद्रणाच्या इतिहासात केवळ तळटीप म्हणून राहावी अशी नाही.

संगणक आल्यावर लिपीचा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ मध्येच मिळाले होते. तरी पुढील दीड-दोन दशके मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती यांसारख्या परस्परांशी न जुळणाऱ्या फाँटांतच चालू होती. एका संगणकावर जुळवलेले भक्तिगीत दुसऱ्या संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. त्यामुळे मंडळ्यांनी गीते, पत्रके व वार्षिक अहवाल चित्ररूपात पाठवण्याची सवय लावून घेतली. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. आणि चित्रात बंद झालेल्या मजकुरात शब्द शोधणे कठीण, हे त्या काळातील कागदपत्रे चाळणाऱ्या कोणालाही लगेच कळते. दरम्यान स्वस्त मोबाईलवर मराठी कळफलक सहज मिळेपर्यंत सामान्य सभासदांनी आपले निरोप रोमन अक्षरांतच लिहिले. ज्यांना देवनागरी उत्तम वाचता येते असे वृद्धसुद्धा प्रार्थनेची विनंती रोमन अक्षरांत करीत होते. स्टीफन्स यांच्यापुढची अडचण चारशे वर्षांनी, वेगळ्या यंत्रामुळे, पुन्हा उभी राहिली होती.

‘ज्ञानोदया’ची पाने

अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. मासिक, पाक्षिक, साप्ताहिक अशी त्याची रूपे बदलत गेली. नारायण वामन टिळक यांनी १९१२ पासून १९१९ मधील आपल्या निधनापर्यंत त्याची मराठी बाजू सांभाळली. धर्मप्रसार हा पत्राचा उघड हेतू होता आणि तो लपवण्याचा प्रयत्न त्याने कधी केला नाही. तरीही धर्मप्रसाराचे साधन म्हणून त्याला बाजूस सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. पुण्यातील फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच पत्राने छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिचा निबंध त्या अंकात गेला नसता तर शाळेच्या वहीत लिहिला गेला आणि वहीबरोबरच नाहीसा झाला, असेच बहुधा घडले असते.

नियतकालिकात पत्र पाठवावे लागे, ते संपादकाच्या हाती जाई, आणि छापून येण्यास काही आठवडे जात. ही चाळणी अनेकदा अन्यायकारक असे. खेड्यातील मंडळीतील अल्पशिक्षित बाई त्या पानांवर क्वचितच स्वतःच्या शब्दांत बोलते. बहुतेक वेळा तिच्याविषयी कोणी पाळक वा मिशनरी बोलतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाली आणि त्या एकाच पुस्तकाने पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घराचे आतले बोलणे मराठीला ऐकवले. अशी दुसरी लक्ष्मीबाई झाली नाही याचे कारण बोलणाऱ्या बायका नव्हत्या हे नसावे. त्यांचे बोलणे उतरवून घेणारे कोणी नव्हते, एवढेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली ध्वनिफीत, चित्रपट व दूरदर्शन ही माध्यमे या दृष्टीने फारशी वेगळी नव्हती. त्यांनी श्रोते वाढवले, पण बोलणारे वाढवले नाहीत.

मंडळीचा गट

खरा बदल व्हॉट्सॲपच्या गटाने घडवला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. थेट प्रक्षेपणाकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु प्रक्षेपण हे व्यासपीठाचेच लांबवलेले रूप आहे : पाळक बोलतो आणि मंडळी ऐकते. गटात मात्र रुग्णालयातून सून लिहिते, ऊसतोडीला गेलेले कुटुंब कारखान्याच्या तळावरून निरोप पाठवते, आणि उपवास-प्रार्थनेत ज्या बाईने कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही ती रात्री ध्वनिमुद्रित प्रार्थना पाठवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिसंदेश ही मोठीच सोय ठरली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचा दर खाली आल्यावर हे सर्व ग्रामीण मंडळ्यांच्याही आवाक्यात आले.

वसईत याच माध्यमाने भाषेच्या बाबतीत वेगळी गोष्ट केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली आणि १९५५ पासून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाने तेथील वाचकाला प्रमाण मराठीची गोडी लावली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या संपादनकाळात तर हे मासिक हरित वसईच्या लढ्याचेही मुखपत्र झाले. या प्रवासात घरातील सामवेदी, म्हणजे कादोडी, आणि वाडवळी या बोली वेदीपासून आणि छापील पानापासून दूरच राहिल्या. मोबाईलवर मात्र लोक बोलतात तसे लिहितात. लग्नाची गाणी, विनोद, सणाच्या शुभेच्छा, चर्चच्या विश्वस्तांवरील टीका हे सर्व बोलीत येते. आखाती देशांत वा कॅनडात असलेला मुलगा आजीच्या दफनविधीचे प्रक्षेपण पाहतो आणि त्याखाली कादोडीत दोन ओळी लिहितो. छापील माध्यमाने जे बोलींना दिले नव्हते ते या माध्यमाने, कोणी ठरवले नसताना, दिले.

याची दुसरी बाजू गंभीर आहे. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग या जातींतून आलेला आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० अन्वये हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानले जात नाही. शिखांचा अपवाद १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या कपाटातील वहीत होती तोवर ती मंडळीपुरती होती. तेच छायाचित्र उत्साही तरुणाने समाजमाध्यमावर टाकले की ते एखाद्याच्या शिक्षणाचा वा नोकरीचा प्रश्न होते. शिवाय आजच्या वातावरणात प्रार्थनासभेचे चित्रण कोणाच्या हाती पडेल याचीही धास्ती असते. एकोणिसाव्या शतकात धर्मांतरिताचे नाव वृत्तपत्रात येई तेव्हा त्याचे घर आणि वारसा धोक्यात येत असे, आणि वारशापुरते संरक्षण देणारा कायदा १८५० मध्ये करावा लागला होता. प्रसिद्धीची किंमत या समाजाला नवी नाही. फरक एवढाच की पूर्वी ती संपादकाच्या निर्णयाने चुकवावी लागे. आता कोणाच्याही अंगठ्याने चुकवावी लागते.

टाळेबंदीतील उपासना

रविवार, २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि पाठोपाठ देशभर टाळेबंदी. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण त्या वर्षी घरातच झाले. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील रिकाम्या चौकात उभे राहून केलेली प्रार्थना वसईच्या घराघरांतून पाहिली गेली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली.

या काळात सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला तो प्रभुभोजनाचा. कॅथलिक चर्चची भूमिका आधीच स्पष्ट होती : इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत असे व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने २००२ मध्येच सांगितले होते. त्यामुळे पडद्यासमोरील भाविकाला आध्यात्मिक सहभागाची प्रार्थना तेवढी उपलब्ध होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकवाक्यता नव्हती. काही ठिकाणी लोकांनी घरातील पोळी वा पाव आणि द्राक्षरस समोर ठेवून पाळकाच्या शब्दांबरोबर भोजन घेतले. काही पाळकांनी ते मान्य केले नाही आणि मंडळीला थांबण्यास सांगितले. जेथे एका घोटासाठी जातीची भिंत ओलांडावी लागली होती, जेथे एका प्याल्याला तोंड लावणे हीच शंभर-दीडशे वर्षांपूर्वी धर्मांतराची खरी कसोटी होती, तेथे प्रत्येकाने आपापल्या घरी आपापला प्याला घेणे ही केवळ सोयीची गोष्ट मानता येत नाही. थांबण्यास सांगणाऱ्या पाळकांची बाजू या इतिहासामुळे प्रस्तुत लेखकास अधिक वजनदार वाटते.

अर्पणाचेही तसेच. सुगीच्या उपकारस्तुतीला धान्य, फळे, कोंबड्या आणून त्यांचा लिलाव करण्याची आणि एरवी कापडी थैली फिरवण्याची पद्धत होती. थैलीत कोणाचा हात किती घेऊन गेला हे शेजाऱ्यालाही दिसत नसे. टाळेबंदीत खजिनदारांनी यूपीआयचे चौकोनी चिन्ह गटावर पाठवले. हिशेब चोख झाला, गळती थांबली आणि पुण्या-मुंबईस गेलेल्या सभासदांचे पैसेही येऊ लागले. पण आता प्रत्येक रकमेपुढे नाव असते, आणि दहा रुपये देणाऱ्या विधवेचे नावही असते.

नोंदवही

कॅथलिक धर्मग्रामांत बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याची शिस्त सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेपर्यंत मागे जाते. प्रॉटेस्टंट मिशनांनीही अशा वह्या काटेकोरपणे राखल्या. दुष्काळाच्या वर्षांत किती कुटुंबे मंडळीत आली, प्लेगमध्ये कोण गेले, कोणाचे नाव शिस्तभंगासाठी कमी झाले, हे त्यांवरून कळते. स्थानिक इतिहासाला याइतके विश्वसनीय साधन क्वचित मिळते.

तीन वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका मंडळीत टाळेबंदीच्या काळातील उपासनांची माहिती मिळवण्यासाठी प्रस्तुत लेखकाचे जाणे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची बाप्तिस्म्याची वही सचिवांनी दहा मिनिटांत काढून दिली. कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, शाई मात्र शाबूत होती. २०२० सालचे विचारताच ते ओशाळले. सर्व सूचना, संदेश, मृत्यूची वृत्ते, प्रार्थनेच्या विनंत्या गटावर होत्या. गट चालवणाऱ्या तरुणाचा फोन बदलला, जुन्या संदेशांची प्रत घ्यावयाची राहून गेली; इतरांनी जागा भरली म्हणून आपापल्या फोनमधून सर्व पुसून टाकले होते. थेट प्रक्षेपणांपैकी तीन सापडली, त्यांतील एकाचा आवाज बंद. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्या गावात कोणाचा बाप्तिस्मा झाला हे सांगता येत होते. साथीत कोण गेले आणि त्यांच्यासाठी कोणती गीते गायली गेली, हे लोकांच्या आठवणीवर सोपवले गेले होते.

यात त्या तरुणाचा दोष मानण्यात अर्थ नाही. नोंदवही मंडळीच्या मालकीची होती, गट मात्र एका परदेशी कंपनीच्या यंत्रणेत आणि शंभर खाजगी फोनांत विखुरलेला. मिशनचे कागद बोस्टनला गेले, लंडनला गेले, तरी कोणाच्या तरी ताब्यात राहिले. आमच्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील मंडळ्यांशी बोलून सभासदांच्या संमतीने अशा गटांतील निवडक मजकूर, विशेषतः वृद्धांचे ध्वनिसंदेश, जतन करण्याचे काम हाती घेण्यास हरकत नसावी. संमतीचा मुद्दा यात वगळता येणार नाही, कारण १९५० च्या आदेशामुळे काही कुटुंबांना आपले नाव कोठेही नको आहे आणि त्यांचा तो अधिकार मान्य केला पाहिजे. हे काम खर्चाचे नाही, परंतु चिकाटीचे आहे, आणि ते दहा वर्षांनी करू म्हटल्यास हाती काही लागणार नाही.

निघता निघता सचिवांच्या पत्नीला काही आठवले आणि त्यांनी शेजारच्या घरातून शाळेची एक दोनशे पानी वही मागवून घेतली. त्या घरातील आजींना मोबाईल हाताळता येत नसे. नातू प्रक्षेपण लावून देई आणि त्या ऐकता ऐकता लिहीत. २९ मार्च २०२० पासून दर रविवारी तारीख, शास्त्रपाठ, गीतांचे क्रमांक, आणि खाली त्या आठवड्यात गेलेल्यांची नावे, अशी पाने भरलेली होती. शेवटची नोंद १५ नोव्हेंबरची होती. पुढचे पान कोरे सोडून त्यांनी किराण्याचा हिशेब सुरू केला होता.